मधुमेह : घरचे ताट आणि रोजची पायपीट
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘आहार आणि व्यायाम’ हे दोन शब्द ऐकून आपण सारे कंटाळला असाल. बाह्यरुग्ण विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या कागदावर ते लिहिलेले असतात. मात्र परळच्या एका खोलीत, सहा माणसांच्या एकाच स्वयंपाकात ते पाळायचे कसे, हे कागदावर नसते. म्हणून आज प्रौढ वयात सुरू होणाऱ्या, म्हणजे टाइप-२ मधुमेहाविषयी आणि मुख्यत्वे या दोन शब्दांविषयीच बोलणार आहे.

हा सल्ला नवा नाही. कृश आणि स्थूल अशा दोन प्रकारच्या प्रमेही रुग्णांना वेगवेगळे उपचार द्यावेत, हे चरकसंहितेत आहे. सुश्रुतसंहितेत तर निर्धन रुग्णाने शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असे सुचविले आहे. इन्सुलिनचा शोध १९२१ चा. त्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या वैद्यांनी श्रमांचे मोल ओळखले होते. त्या सल्ल्यातील एकच गोष्ट आज स्वीकारता येत नाही, ती म्हणजे अनवाणी चालणे. त्याकडे पुढे येतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. ‘आमचे बाबा तर सडपातळ आहेत, त्यांना कसा झाला?’ हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. आपली हाडे बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात लपलेली, अशी आपली ठेवण आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेभोवतीची टेप अधिक खरे बोलते.

या ठेवणीला पूर्वी श्रमांचा आधार होता. गिरणगावातील कामगार पाळीभर उभा असे, घरापासून गिरणीपर्यंत पायी जाई आणि चाळीचे तीन मजले चढून घरी येई. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी मिटत गेली आणि त्यांतील कित्येकांच्या वाट्याला पहारेकऱ्याची खुर्ची आली. आता चाळीच्या जागी मनोरे उभे राहत आहेत; त्यांत उद्वाहन आहे. भात तेवढाच राहिला, कष्ट मात्र गेले. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले होते की, दुमजली बसच्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. आपल्या बेस्टच्या प्रवाशाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

चालल्याने नेमके काय होते? स्नायू काम करू लागला की तो रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो, आणि पुढचा दीड-दोन दिवस त्याच्यावर इन्सुलिनचा परिणामही अधिक चांगला होतो. म्हणून रविवारी शिवाजी पार्कला दहा फेऱ्या मारून सहा दिवस बसून काढण्यापेक्षा रोज अर्धा तास, आठवड्यातून निदान पाच दिवस, भरभर चालणे अधिक हितकारक. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग असावा. मैदान जवळ नसेल तर चाळीची गॅलरी आहे. रात्रीच्या जेवणानंतर तेथेच पंधरा मिनिटे येरझाऱ्या घातल्या तरी जेवणानंतर चढणारी साखर खाली राहते. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, असे स्नायूंना ताकद देणारे व्यायाम हवेत. साठीनंतर तर हवेतच. ज्यांच्या काही गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर एकदम उतरू शकते, त्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, डोके हलके वाटणे ही लक्षणे दिसताच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी.

आता अनवाणी चालण्याविषयी. मंगळवारच्या आदल्या रात्री प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाकडे अनवाणी निघालेले भाविक आपण पाहतो. श्रद्धेविषयी मला काही बोलायचे नाही. पण दहा-पंधरा वर्षांच्या मधुमेहात अनेकांच्या तळपायाची संवेदना मंदावते. काच रुतली तरी कळत नाही, फोड फुटला तरी दुखत नाही. आठवड्याने मोजा काढताना रक्त दिसते आणि मग आमच्या शस्त्रक्रिया विभागात बोट किंवा पाऊल वाचविण्याची धडपड सुरू होते. अशा रुग्णाने चप्पल घालून जावे आणि देवळाच्या दारापर्यंत ती काढू नये.

आहाराबाबत गैरसमज फार. गूळ किंवा मध घेतला तर साखर वाढत नाही, हा पहिला. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी कितीही चालते, हा दुसरा. भाकरी चांगलीच आहे, तिच्यात तंतू अधिक आहेत. पण दोन भाकऱ्यांवर वाडगाभर भात घेतला तर भाकरीचे पुण्य संपले. तिसरा गैरसमज उपवासाचा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट; संकष्टीला खिचडीची बशी आणि वर बटाट्याची भाजी खाणाऱ्याच्या रक्तातील साखर इतर दिवसांपेक्षा अधिक चढते. कटिंग चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला सहा चहा, म्हणजे बारा चमचे. हे ‘मी गोड खातच नाही’ म्हणणाऱ्याच्या हिशेबात येत नाही.

मग खावे काय? जे घरात शिजते तेच, पण ताटातील जागा बदलून. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, मटकी, चवळी, अंडे किंवा मासळी, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा पोळी-भाकरी, दोहोंपैकी एक. बांगडा उत्तम, तो रवा लावून तेलात तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात परतावा. मिसळीतील उसळ चांगली, शत्रू फरसाण आणि पाव. मे महिन्यात कोकणातून हापूसची पेटी येते, तेव्हा रुग्णाला केवळ नकार दिला तर तो चोरून खातो. त्यापेक्षा अर्धा आंबा एका पोळीच्या ऐवजी द्यावा. आमरसाची वाटी मात्र नको.

येथे कुटुंबीयांना एक विनंती. रुग्णासाठी वेगळे, बेचव ताट वाढू नका. जे पथ्य त्याला चांगले ते घरातील सर्वांनाच चांगले आहे. आणि ज्या घरातील मधुमेही ही गृहिणीच असते, तेथे चित्र अधिक वाईट दिसते. सर्वांची पानेवाढी करून ती शेवटी उरलेला भात आणि आमटी खाते, औषध विसरते आणि चालायला तिला वेळच नसतो. तिच्या अर्ध्या तासासाठी घरातील कोणीतरी कुकर लावायला शिकले पाहिजे.

आहार-व्यायामाने गोळ्या सुटतात का? काहींच्या सुटतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने अत्यल्प उष्मांकांचा आहार दिला. वर्षाअखेरीस ४६ टक्के जणांची साखर औषधांविना मर्यादेत होती. दुसऱ्या वर्षाअखेरीस हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. म्हणजे आशा आहे, हमी नाही. निदान होते तेव्हाच स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची शक्ती साधारण निम्म्यावर आलेली असते आणि पुढे ती घटत जाते. त्यामुळे पथ्य काटेकोर पाळूनही गोळी वाढू शकते, इन्सुलिन लागू शकते. ती शिक्षा नव्हे, आणि त्यासाठी घरच्यांनी रुग्णाला बोल लावू नयेत. कारल्याच्या रसाच्या भरवशावर गोळ्या परस्पर बंद करणारे रुग्ण मात्र डोळे आणि मूत्रपिंडे गमावून आमच्याकडे येतात.

आज सभागृहात बसलेल्या मुलामुलींसाठी थोडे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरील ५३१ जणांचा तीन वर्षे अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याचा सातत्याने पाठपुरावा केलेल्यांत तो ३९ जणांना. आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर तिशीनंतर आपलीही तपासणी करून घ्या.

या आकड्यांतील फरक औषधाने नव्हे, पाठपुराव्याने पडला, आणि तेच मला देणगीदारांसमोर ठेवायचे आहे. यंत्र दिले की त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. आहारतज्ज्ञाच्या वेतनावर, साखर तपासण्याच्या पट्ट्यांवर किंवा बधिर पायांसाठीच्या मऊ रबरी तळाच्या चपलांवर पाटी लावता येत नाही. परंतु गरीब रुग्णाला तीन महिन्यांनी परत बोलावून त्याच्या ताटाची आणि पायांची चौकशी करणारा माणूस रुग्णालयात असेल, तर पुढची शस्त्रक्रिया बऱ्याचदा टळते. विश्वस्तांनी या कामासाठी वेगळा निधी ठेवावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

आणि नातेवाइकांनो, पुढच्या तपासणीला येताना रुग्णाच्या नेहमीच्या वापरातील चप्पलच त्याच्या पायात असू द्या. ती दाराबाहेर काढून आत येऊ नका; तिचा तळ आम्हाला पाहायचा असतो.