पर्सेंटाइल म्हणजे शेकडा गुण नव्हेत



महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीईटीचे, गुणपत्रक हाती आले की पुष्कळ घरांत त्यावरील आकड्याचा अर्थ चुकतो. ऐंशी पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ऐंशी गुण, असे समजून कोणी पेढे वाटतात. चाळीस दिसले की नापास मानून कोणी मुलीचे शिक्षणच थांबवितात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

२०२५ साली अभियांत्रिकी गटाची ही परीक्षा २०० गुणांची होती: भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५० व गणित १००. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. एकीला कठीण व दुसरीला सोपी प्रश्नपत्रिका आली, तर नुसत्या गुणांची तुलना अन्यायाची ठरेल. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातील परीक्षार्थींशी करतात. समजा, सत्रात २०,००० परीक्षार्थी बसले आणि तुमच्या मुलीसह १६,००० जणांचे गुण तिच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. तर तिचे पर्सेंटाइल ८० झाले. तिच्यापुढे ४,००० जण आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा पर्सेंटाइल हे रांगेतील स्थान आहे, उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निकाल नव्हे. या परीक्षेत चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रवेश कोठे मिळेल हे गुणक्रम, शाखा, महाविद्यालय व राखीव जागा यांवर ठरते. म्हणून आकडा पाहून हताश होऊ नका. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत पसंतीक्रम भरण्याचा आपला हक्क सोडू नका.