घराण्याचे रक्त आणि घरचे मीठ



धार आणि देवास या पवारांच्या संस्थानभूमीत रक्तदाबाच्या आनुवंशिकतेविषयी बोलू लागले की दत्तकविधानाचे स्मरण आपोआपच होते. दत्तक आलेल्या पुत्रास गादी मिळे, दौलत मिळे, त्या घरच्या पंक्तीत पानही मिळे. रक्त मात्र जन्मघराण्याचेच राही. मॉन्ट्रियल शहरातील संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात दत्तक मुलांच्या कुटुंबांत रक्तदाब मोजले, तेव्हा पोटच्या मुलांचा दाब आईबापांच्या दाबाशी जितका जुळतो त्या मानाने दत्तक मुलांचा फारच थोडा जुळतो, असे त्यांना आढळले. तेव्हा ‘हे आमच्या घराण्यातच आहे’ ही जी कैफियत आपण वैद्य नित्य ऐकतो, ती निराधार नव्हे.

परंतु तो वारसा कोणत्या जातीचा? या प्रश्नावर इंग्लंडात प्लॅट आणि पिकरिंग या दोन थोर वैद्यांचा दीर्घ वाद झाला. प्लॅट यांच्या मते मूळ एका जनुकात होते, पिकरिंग यांच्या मते अनेकांत. आणि काळाने निकाल पिकरिंग यांच्या बाजूने दिला. आज रक्तदाबाशी निगडित अशी हजाराच्या वर जनुकीय स्थाने ज्ञात आहेत, आणि जुन्या वतनाच्या तक्षिमा पडत जाव्यात तसा प्रत्येकाचा वाटा बहुधा पाऱ्याच्या एका मिलिमीटरच्या आतच येतो. एकाच जनुकदोषाने दाब चढविणारे विकार आहेत, पण ते विरळा.

पण वारसा हीच सारी कथा नव्हे. आता कुक्षीकडचा भिलाला जमातीचा तरुण पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर रुजू होतो, त्याचा विचार करा. वाटेत त्याची जनुके बदलत नाहीत. बदलते ते ताट, झोप आणि वजन. केनियातील लुओ जमातीची माणसे खेड्यातून नैरोबीस आली, तेव्हा थोड्याच महिन्यांत त्यांचा दाब गावी राहिलेल्यांपेक्षा चढलेला दिसला.

आणि आपले स्वतःचे, म्हणजे अठराव्या शतकापासून माळव्यात वसलेल्या मराठी कुटुंबांचे काय? आपण घरचे लोणचे, पापड, मेतकूट सोडले नाही आणि वर माळव्याची शेव स्वीकारली; पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव, पाहुण्यापुढे पुन्हा शेव. ज्या मूत्रपिंडास सोडियम बाहेर टाकण्याची शक्ती जन्मतःच उणी लाभली आहे, त्याच्यावर हा मिठाचा भार पिढ्यान् पिढ्या पडत आला आहे. ज्यास आपण घराण्याचा दोष म्हणतो, त्यात रक्ताइतकाच स्वयंपाकघराचाही हिस्सा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि रक्ताचे नाव पुढे करून आपण वैद्य रुग्णास जे हताश करतो, ते मला अक्षम्य वाटते.

म्हणून माझी एक तजवीज आहे. रुग्णाच्या कागदावर आईबापांच्या विकारांची नोंद होते, तिच्याशेजारी घरात महिन्याला मीठ किती लागते हेही लिहावे. पाच माणसांत एक किलो संपत असेल तर माणशी दररोज सुमारे साडेसहा ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमांच्या आत राहा म्हणते, आणि या हिशेबात बाजारची शेव धरलेलीच नाही. पुढल्या खेपेस रुग्णाबरोबर त्याच्या पाठच्या भावंडांनाही बोलवावे. ज्यांस काहीच होत नाही, त्यांच्याही दंडास पट्टा बांधून पाहावा.