जुन्नरचे डोंगर : स्वागताध्यक्षीय भाषण

जुन्नर शहर कुकडी नदीच्या काठी, लेणी कोरलेल्या डोंगरांच्या मधोमध वसले आहे. गावाला लागूनच शिवनेरी, त्याच्या पलीकडे तुळजा, उत्तरेला नदीपलीकडे लेण्याद्री आणि दक्षिणेला मानमोडी. या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एका गावाच्या परिसरात इतकी लेणी भारतात दुसरीकडे क्वचितच सापडतील. शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवछत्रपतींचा जन्म झाला, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. मात्र त्याच शिवनेरीच्या कड्यांत त्याच्या दीड हजार वर्षे आधीपासून भिक्षू राहत होते, याची आठवण गडावर येणाऱ्या प्रत्येकाला असतेच असे नाही.

हे डोंगर काळ्या बेसाल्टचे, लाव्हाच्या आडव्या थरांचे. थर जाड आणि एकसंध लागला की त्यात छिन्नीने दालन उतरवता येते. इथली बहुतेक लेणी इसवी सनाच्या आधीच्या आणि नंतरच्या मिळून तीनेकशे वर्षांतली, सातवाहन आणि क्षत्रप यांच्या काळातली आहेत. त्यांतले तुळजा लेण्यांमधले चैत्यगृह पाहुण्यांनी चुकवू नये. ते चौकोनी नाही, लांबटही नाही. पूर्ण गोल आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमट. खांबांवर एकही नक्षी नाही. आत उभे राहून हळू बोलले तरी आवाज घुमटाला लागून परत येतो. लेण्याद्रीवर सुमारे तीनशे पायऱ्या चढून लाखो भाविक गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात. अष्टविनायकांपैकी हे स्थान मुळात बौद्ध विहार आहे. सतरा मीटरांहून अधिक लांबीच्या त्या सभामंडपात आधाराला एकही खांब नाही आणि तीन बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत. दर्शन झाल्यावर घटकाभर थांबून छताकडे पाहावे, अशी विनंती आहे.

या डोंगरांना गावाने का जपावे, याचे खरे उत्तर मात्र शिल्पात नाही, शिलालेखांत आहे. कर्नल साइक्स यांनी जुन्नरच्या लेखांची माहिती १८३७ साली प्रसिद्ध केली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांवरील ग्रंथ १८८१ साली आला. त्यामुळे हे दगड बोलू लागले. हे लेख राजांच्या पराक्रमाचे नाहीत. ते देणगीच्या पावत्यांसारखे आहेत : कोणी दिले, काय दिले, एवढेच. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले. इरिल नावाच्या यवनाने (यवन म्हणजे मुळात ग्रीक) दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप करून दिला. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने, लेखातील नोंदीप्रमाणे ‘वर्ष ४६’ मध्ये, एक पोढी आणि एक मंडप दिला. एका शकाने जमिनीचे उत्पन्न लावून दिले ते करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी. झाडांसाठी दोन हजार वर्षांपूर्वी केलेली ही तरतूद जुन्नर तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचली जावी.

या सर्वांत गावाने सर्वांत अधिक मानावे असे नाव एका माणसाचे नाही, एका संस्थेचे आहे : धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी. प्राकृतात तिला धंञिकसेणी म्हटले आहे. या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दान दिली. श्रेणीत किती व्यापारी होते, प्रत्येकाने किती वर्गणी घातली, यातले काही लेखात नाही. एकाही सभासदाचे नाव नाही. ज्या गावात आजही पहाटे धान्याची पोती उतरतात आणि आडत्याच्या गादीवर हिशेब बसतो, त्या गावाचे हे कोरून नोंदलेले दातृत्व आहे. ते व्यापाऱ्यांचे आहे, एकत्रित आहे आणि निनावी आहे. या श्रेणीच्या नावाची एक पाटी बाजारपेठेत लागावी, ही गावकऱ्यांची जुनी इच्छा आहे.

गणित अध्यापकांच्या या अधिवेशनाशी जुन्नरच्या डोंगरांचा संबंध नाणेघाटात येतो. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांवरून येणारा माल या घाटाने वर चढे. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण अजून घाटमाथ्यावर आहे. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी यांच्यासह राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, आज पायांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. बाजूच्या भिंतींवर यज्ञांची दक्षिणा आकड्यांत कोरली आहे : ११,००० गायी, १,००० घोडे, २४,४०० कार्षापण नाणी. ही शेवटची संख्या तिथे तीनच चिन्हांत लिहिली आहे. एक वीस हजारांचे, एक चार हजारांचे, एक चारशेचे. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार, शंभराच्या चिन्हाला जोडले की चारशे. शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडले, तर दशमान पद्धतीने माणसाचे किती श्रम वाचवले ते मुलांना एका तासात उमगेल.

व्यवस्थेतील उणिवांबद्दल स्वागत समिती सर्व प्रतिनिधींची मनापासून क्षमा मागते. नोंदणी अपेक्षेपेक्षा बरीच वाढली. त्यामुळे काही प्रतिनिधींची निवास व्यवस्था शाळेच्या वर्गखोल्यांत, गाद्या अंथरून करावी लागली. महिला प्रतिनिधींसाठी मंगल कार्यालय राखले आहे, पण तिथे गरम पाणी सकाळी सातपर्यंतच पुरेल. सभामंडपाच्या मागच्या रांगांत ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी पडतो, हे काल रात्रीच्या चाचणीत लक्षात आले. दुरुस्ती चालू आहे. ज्येष्ठ अध्यापकांनी संकोच न करता पुढे बसावे.

देणगीदारांचे आभार मानताना नावे वाचणे शक्य नाही, कारण बहुतेकांनी ती वाचू नयेत अशी अट घातली. तांदूळ आणि डाळ बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी एकत्र जमवून दिली. भाजी शेतकऱ्यांनी आपापल्या वावरातून काल संध्याकाळी आणून टाकली. पाण्याचा टँकर दोन दिवस विनामूल्य उभा आहे. भोजनमंडपाचा संपूर्ण खर्च एका कुटुंबाने उचलला आहे. शाळेच्या शिपायांनी सुट्टी सोडून वर्गखोल्या धुऊन काढल्या आणि महाविद्यालयीन मुलामुलींनी बसस्थानकावर रात्री अकरापर्यंत पाहुण्यांची वाट पाहिली. या सर्वांचे ऋण समिती जाहीरपणे मान्य करते.

लेण्याद्रीसाठी गाड्या आज दुपारी चार वाजता निघतील. नाणेघाटासाठी उद्या पहाटे साडेपाचला निघावे लागेल, कारण ऊन चढण्याआधी लेख वाचण्याइतका उजेड लेण्यात येतो आणि परतून दहाच्या सत्राला बसता येते. लेख पाहताना अक्षरांना हात लावू नये आणि खडूने ती ठळक करू नयेत. सोबत पाण्याची बाटली ठेवावी. सर्व प्रतिनिधींचे जुन्नरमध्ये स्वागत आहे.