झाडांच्याही तीन शिफ्ट असतात

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरची शेती चाकण एमआयडीसीत गेली आणि घरामागे गुंठाभर जागा उरली. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट. तिथे भाड्याच्या खोल्या काढायच्या की झाडं लावायची, हा वाद बऱ्याच घरांत चालू असेल. खोल्यांचं भाडं दर महिन्याला येतं, हे खरंच आहे. श्री. अ. दाभोलकरांनी दहा गुंठ्यांत कुटुंबाचं भागवायचा हिशेब मांडला होता. आपल्याकडे एकच आहे, त्यामुळे बागेवर घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण फरशीखाली गेलेली माती परत मिळत नाही. म्हणून ठरवायच्या आधी एवढं ऐका.

झाडं एकेकटी न लावता एकमेकांच्या उपयोगी पडतील अशी जोडून लावायची, याला प्लांट गिल्ड म्हणतात. गोव्याचं कुळागर बघा: पोफळीवर मिरी चढते, सावलीत केळी, खाली हळद. पण तिथे पाऊस 3000 मिलिमीटरच्या घरात. आपल्याकडे 700 च्या आसपास, तोही चार महिन्यांत. म्हणून तिथली झाडांची यादी उचलू नका, कामाची वाटणी उचला.

कंपनीत जाणाऱ्यांना हे पटकन कळेल. लाईन चालू ठेवायची तर तिन्ही शिफ्टला कुणीतरी ड्युटीवर लागतं. बागेच्या शिफ्ट म्हणजे पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. आपल्या मुरमाड जमिनीत अवघड शिफ्ट तिसरी.

मधोमध आवळा लावा. पान बारीक, सावली विरळ, हलक्या जमिनीतही तग धरतो. शेजाऱ्याला दुसऱ्या जातीचा लावायला सांगा, दोघांकडे फळ चांगलं धरेल. चार कोपऱ्यांत सीताफळ. पुरंदरच्या माळावर येतं, इथेही येईल. उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतं. पश्चिमेला दोन हादगे. ते भराभर वाढून दुपारचं ऊन अडवतात, मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, आणि फुलांची भाजी होते ती वेगळीच. मधल्या जागेत पहिली दोन-तीन वर्षं तूर: मूळ खोल, पानगळ भरपूर, हिवाळ्यात फुलांवर मधमाश्या. सावली वाढली की तिथेच हळद. कुंपणाला करवंद.

खड्डे मे महिन्यात, लागवड पाऊस स्थिरावल्यावर. आणि पाचोळा जाळायचा नाही! चार बोटं जाड थर आळ्यात पसरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. उन्हाळी शिफ्टची निम्मी ड्युटी तोच करतो.

पहिले दोन उन्हाळे मोठ्या सात झाडांना आठवड्याला दोन-दोन बादल्या द्या. म्हणजे चौदा बादल्या, रविवारची अर्ध्या तासाची कसरत. कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याचं पाणी मात्र चुकूनही नको, हे खायचं आहे.

या रविवारी टेप घ्या, जागा मोजा आणि दुपारी तीनला ऊन कुठे पडतं ते बघा. खोल्यांचं गणित घरच्यांनी मांडलंच असेल, त्याशेजारी हेही मांडून ठेवा. भेटू पुढच्या भागात!