निनावी राहता येते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या रांगेत बसून, नाही तर चहाच्या पातेल्याशी उभी राहून भाषणे ऐकते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि विषय मात्र कॉम्प्युटर शिकलेल्याने बोलावा असा. पण तो माझ्या गळ्यात पडला याला कारण मीच आहे, ते आधी सांगते.

मागच्या सभेत असे ठरले की, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका डॉक्टरीणबाईंना बोलवावयाचे आणि बायकांनी आपापल्या तक्रारी त्यांना विचारावयाच्या. पाळी जाण्याच्या वयातील त्रास, अंगावरून जाणे, असले प्रश्न चारचौघींत कोण विचारणार? म्हणून चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी असे निघाले. तेव्हा आमच्यातील एक तरुण सूनबाई म्हणाली, "पेटी कशाला काकू? मोबाईलवर फॉर्म करू. नाव लिहायचंच नाही. कोणी विचारलं ते कोणालाच कळणार नाही." सर्वांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडून एकदम निघून गेले, "कोणालाच म्हणजे कोणाला गं?" झाले! 'मग तुम्हीच वर्धापनदिनाला सांगा,' असा एकमताने ठराव झाला.

मी तसे का म्हणाले हे सांगावयाचे तर घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या सासूबाईंना तुम्हांपैकी पुष्कळ जणींनी पाहिले आहे. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या दोन वर्षे अंथरुणावर होत्या. रात्री तीन-तीनदा उठावे लागे. मुलांचे वडील पहाटेच्या गाडीने कामाला जात, मुले शिकत होती, आणि तोडणीचे दिवस आले की वाडीत मिरचीला मीच. त्या दिवसांत मोबाईलवरच्या बायकांच्या एका मोठ्या समूहात मी जाऊ लागले. देशोदेशीच्या हजारो मराठी बायका तेथे पाककृती, भरतकाम आणि मनातले बोलतात. मी तेथे 'रातराणी' हे नाव घेतले होते. तोंडाच्या जागी फुलाचे चित्र. एका रात्री अगदी असह्य झाले आणि मी लिहिले की, देवाने आता त्यांना सोडवावे आणि मलाही सोडवावे. लिहून मोकळी झाले. सकाळी पाहते तो कितीतरी अनोळखी बायकांनी धीर दिलेला. खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले.

आठव्या दिवशी माझ्या मोठ्या नणंदेचा फोन आला. त्यांना आम्ही माई म्हणतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "रातराणी तूच ना गं?" माझ्या हातातला फोन गळून पडावयाचाच बाकी होता. मी गावाचे नाव लिहिले नव्हते, आडनाव नाही, काही नाही. पण मी असे लिहिले होते की, दिवसभर मिरच्या तोडल्या म्हणजे हातांची आग होते, कितीही धुतले तरी जात नाही, त्या हातांनी सासूच्या पाठीला तेल लावता येत नाही आणि ती समजते की मी टाळते. माई वाणगावातच वाढलेल्या. दुसरी खूण सासूबाईंच्या एका सवयीची होती. ती सांगू नकोस असे माईंचे म्हणणे पडले, म्हणून सांगत नाही. बाकीचे सांगावयास त्यांची हरकत नाही, हे मी परवाच विचारून घेतले आहे.

माई चौथ्या दिवशी आल्या. एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. आईला दोन महिन्यांसाठी आपल्या घरी घेऊन गेल्या. मला झोप मिळाली. पण सासूबाईंना गाडीत बसवताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, ते मला अजून दिसते. सासूबाईंना जाऊन आता तीन वर्षे झाली.

तेव्हापासून मी हा विषय धरून बसले. मुलगी कॉलेजात आहे, तिने वाचून दाखविले. काही मी स्वतः शब्द लावून लावून वाचले.

अमेरिकेत २००६ साली असाच एक प्रकार झाला. ए. ओ. एल. नावाच्या कंपनीने आपल्या साडेसहा लाख ग्राहकांनी इंटरनेटवर काय काय शोधले याची तीन महिन्यांची यादी अभ्यासकांसाठी खुली केली. नावे काढून टाकली होती, प्रत्येकाला नुसता एक आकडा दिला होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी त्यातला एक आकडा उचलला. त्या आकड्याने आपल्या लहानशा गावातले बागकाम करणारे शोधले होते, कुत्र्याविषयी विचारले होते, दुखण्यांविषयी विचारले होते, एका आडनावाची माणसे शोधली होती. धागा धरून ते थेट एका ६२ वर्षांच्या विधवा बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. कोणी चोरी केली नाही, कुलूप फोडले नाही. बाईंनी आपल्या प्रश्नांतूनच आपला पत्ता दिला होता. ते वाचले तेव्हा मला माझ्या मिरच्या आठवल्या.

हे झाले माणसांनी ओळखण्याचे. यंत्राचे आणखी वेगळे आहे. पूर्वी गावात निनावी पत्रे येत, ती तुम्हांस आठवत असतील. लग्न मोडावयाला तर हमखास येत. खाली सही नसे, पण पाकिटावर टपाल कचेरीचा शिक्का असे. पत्र कोठून सुटले, कोणत्या तारखेला, ते शिक्का सांगे. मोबाईलचे तसेच आहे. आपण इंटरनेट लावले की कंपनी आपल्या जोडणीला एक क्रमांक देते, त्याला आय. पी. पत्ता म्हणतात. कोणत्या वेळी कोणता क्रमांक कोणाकडे होता याची नोंद कंपनीच्या दप्तरी राहते, आणि सिमकार्ड घेताना आपण ओळखपत्र दिलेलेच असते. मग वर 'रातराणी' लिहा की 'झाशीची राणी' लिहा. पोलिसांनी रीतसर मागितले की शिक्का वाचता येतो.

मात्र शिक्का वाचण्यात चूकही होते. २००७ साली ऑर्कुट नावाच्या तेव्हाच्या संकेतस्थळावर कोणीतरी शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर टाकला. पुण्याच्या पोलिसांनी कंपनीकडून पत्ता मिळविला आणि बंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरला घरातून धरून आणले. तो ५० दिवस तुरुंगात होता. नंतर निघाले काय, तर कंपनीने दिलेली माहितीच चुकीची. त्या मुलाचा काही संबंध नव्हता. म्हणजे लपणारा बाजूला राहिला आणि ज्याने काही लपविलेच नव्हते तो आत गेला. त्याच्या आईचे ५० दिवस कसे गेले असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि आपल्या पालघरचे तर सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा आपला ठाणे जिल्हा होता, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे देशभर गाजावाजा झाला, खटला बंद झाला, दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले, आणि ज्या ६६-अ कलमाखाली अटक झाली होती ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या मुलींनी स्वतःच्या नावाने लिहिले होते, त्यामुळे कोणाला शोधावे लागले नाही. पण त्यानंतर आपल्याकडच्या घराघरांत आयांनी मुलींना काय सांगितले? 'लिहू नकोस.' आणि मुलींनी काय केले? नावे बदलली. माझ्या भाचीने तर तीन नावे बदलली. तिला वाटे, आता आपण कोणाला सापडत नाही. बरे, ती लिहिते तरी काय, सिनेमातल्या नट्यांच्या साड्यांविषयी!

मग खरोखर कोणाला लपताच येत नाही का? तसे उपाय आहेत. टॉर नावाची एक व्यवस्था आहे, तिची मूळ कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधकांची. आपला निरोप कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक गुंडाळून तीन ठिकाणांवरून फिरवितात; पहिल्याला पाठविणारा ठाऊक, शेवटच्याला पोहोचावयाचे ठिकाण ठाऊक, दोन्ही मिळून एकालाही ठाऊक नाही. जेथे बोलले की जीव जातो अशा देशांतील बातमीदारांना तिचा मोठा आधार आहे. पण ती वापरून अमली पदार्थांचा बाजार चालविणारा एक हुशार तरुण २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात पकडला गेला. पोलिसांच्या हाती लागलेला एक धागा असा की, फार पूर्वी मदत मागताना त्याने स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता लिहून ठेवला होता. व्यवस्था चांगली होती. त्याचीच एक जुनी चूक त्याला नडली. दिवसरात्र सावध राहणे मनुष्याला जमत नाही. मला तर दूध उतू जाऊ नये एवढेही रोज जमत नाही.

येथे मला एका बाईंची आठवण होते. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक निघाले. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले त्यात उघड लिहिले होते. केवढा गदारोळ झाला! ही बाई कोण, बाई आहे की पुरुष, यावर तर्क चालले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या. स्वतः शिक्षिका होत्या. नाव घालून लिहिले असते तर काय झाले असते, ते मी सांगावयास नको. पण त्यांचे नाव कोणालाच माहीत नव्हते असे थोडेच आहे? पुस्तक छापणारे ह. वि. मोटे यांना माहीत होते. त्यांनी ते पोटात ठेवले, म्हणून विभावरी लिहू शकल्या.

मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. पूर्ण निनावी असे आपल्यासारख्यांना होता येत नाही. आपले नाव कोठेतरी, कोणाच्या तरी हाती असतेच. मग विचारावयाचे ते हे की, ते कोणाच्या हाती आहे आणि तो ते सांभाळील का. बाळूताईंना आपला मनुष्य माहीत होता. माझी रातराणी कोणाच्या हाती होती? मोबाईल कंपनीच्या, त्या समूहाच्या मालकांच्या, आणि शेवटी माईंच्या. त्यांतल्या माईंनीच तेवढी ती सांभाळली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावते की, ज्याच्या हाती आपले काही आहे त्याच्यावर ते सांभाळण्याची जबाबदारी आहे. कायदे जाणणारे हसतील, हसोत.

जाता जाता मुलींच्या आयांना एक सांगणे आहे. तुमच्या मुलीचा फोटो कोणी खोट्या नावाने टाकला, कोणी घाणेरडे लिहिले, तर 'तो निनावी आहे, सापडणार नाही' असे म्हणून मुलीचे कॉलेज बंद करू नका. त्याच्याही पाकिटावर शिक्का असतो. घाबरून ते पुसून टाकू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ लिहा, आणि पोलिसांकडे जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायकामुलांविषयीची तक्रार नाव न देताही नोंदविता येते, मात्र तशी दिली तर पुढे काय झाले ते आपल्याला तेथे पाहता येत नाही. म्हणून आई सोबत असेल तर नाव घालूनच द्यावी, असे माझे मत. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक ताबडतोब फिरवावा.

आता आपल्या डॉक्टरीणबाईंच्या फॉर्मकडे येते. सूनबाईंनी माझ्यासमोर तो करून दाखविला. नाव विचारलेले नाही हे खरे. पण कोणी किती वाजता भरला ते त्यात आपोआप उमटते. दुपारी सव्वादोनला भरला, आणि सव्वादोनला समूहावर 'भरला गं' असा निरोप कोणी टाकला, की झाले. शिवाय जी आपल्या खात्यातून भरील तिची नोंद कंपनीकडे राहू शकते. आणि आपण जमतो चाळीस जणी. 'माझ्या तीन बाळंतपणांनंतर' असे लिहिले की चाळिसांतल्या सहा उरतात. 'गेल्या वर्षी पिशवीचे ऑपरेशन झाले' असे लिहिले की एक उरते. पेटीतही अडचण आहेच, कारण भिशीच्या वहीमुळे आपण सर्वजणी एकमेकींचे अक्षर ओळखतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पेटीच ठेवावी, ती माझ्या घरी ओटीवर राहील. सर्व चिठ्ठ्या मी माझ्या अक्षरात एका वहीत उतरवीन, गाव-घर ओळखू येईल असे काही असेल ते गाळीन, आणि मूळ चिठ्ठ्या चुलीत घालीन. डॉक्टरीणबाईंच्या हाती फक्त वही जाईल. म्हणजे तुमचे नाव एका मनुष्याच्या हाती राहील, आणि तो मनुष्य कोण हे तुम्हांला आधीच ठाऊक असेल. ज्यांना माझाही भरवसा वाटत नसेल त्यांनी डाव्या हाताने लिहावे, मला राग नाही. चिठ्ठ्या पौषातल्या पहिल्या सोमवारपर्यंत याव्यात. दुपारी दोन ते चार मी वाडीत असते, दार नुसते लोटलेले असते, कोणी पाहणार नाही.