पोटातला पाहुणा जंतू : फायदे किती, मर्यादा किती

मी शहपुऱ्याहून बोलतोय. मध्य प्रदेशात या नावाची आणखी गावं आहेत, म्हणून सांगतो, आमचं शहपुरा जबलपूर जिल्ह्यातलं, भिटौनी स्टेशनजवळचं. माझं इथं औषधांचं दुकान आहे. घरी मराठी आणि गल्ल्यावर हिंदी, अशी आमची जबलपूरकडच्या मराठी माणसांची रीत.

आजचा विषय माझ्या दुकानातल्या एका फळीवरचा आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं की खाली आणखी एक गोळी लिहिलेली असते. लोक तिला ‘दह्याची गोळी’ म्हणतात. पाकिटावर ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ किंवा ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स’ असं छापलेलं असतं. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती कधी ना कधी घेतलेली असेल.

पहिली गंमत म्हणजे हा जंतू लॅक्टोबॅसिलस नाही, आणि आपल्या घरच्या दह्यातलाही नाही. १९१५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात डबाबंद आटवलेलं दूध डब्यातच घट्ट होऊन फुकट जात होतं. हॅमर नावाच्या शास्त्रज्ञाने त्यातून एक जंतू शोधला आणि त्याला नाव दिलं बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स, म्हणजे दूध साकळवणारा. पुढे १९३०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी अशाच जंतूचं वर्णन लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स या नावाने केलं. दोन्ही एकच आहेत हे नंतर लक्षात आलं आणि शास्त्रज्ञांनी दुसरं नाव सोडून दिलं. २०२० मध्ये त्याचं नाव वाइझमॅनिया झालं, २०२३ मध्ये हेंड्रिक्सिया झालं. आपल्याकडच्या पाकिटांवर मात्र ते जुनं, चुकीचं नाव अजून टिकून आहे.

पण कंपन्यांना हाच जंतू का आवडला? कारण हा बीजाणू करतो. परिस्थिती बिकट झाली की तो जाड कवच घेऊन झोपी जातो, बी पेरणीची वाट बघतं तसा. दह्यातल्या नाजूक जंतूंना उष्णता सोसत नाही आणि जठरातलं आम्लही बऱ्याच अंशी मारतं. हा त्यातून सुखरूप आतड्यात पोचतो, तिथं उमलतो आणि लॅक्टिक आम्ल तयार करतो. आमच्याकडे मे महिन्यात दुकानाचं पत्र्याचं छप्पर तापतं, वीज जाते. अशा ठिकाणी फ्रिजशिवाय टिकणारा जिवंत जंतू ही लहान गोष्ट नाही. हा त्याचा खरा गुण.

आता फायद्याचं बोलू. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर आतड्यातले आपले नेहमीचे जंतूही मारतं आणि काहींना त्यामुळे जुलाब लागतात. हे टाळायला प्रोबायोटिकचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. मुलांवरच्या ३३ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये घेतला. प्रोबायोटिक न घेणाऱ्या १०० मुलांपैकी १९ मुलांना जुलाब झाले, घेणाऱ्यांपैकी ८ मुलांना. चांगला फरक आहे. पण बारीक अक्षरं वाचा. सर्वांत चांगला परिणाम दिसला तो दिवसाला किमान ५०० कोटी जंतू दिले तेव्हा. आणि आपल्याकडे अँटिबायोटिकच्या गोळीतच जे मिसळलेलं असतं, ते किती? पाकीट उलटं करून बघा. बहुधा ६ कोटी बीजाणू. शिवाय ते उमलल्यावर त्याच गोळीतलं अँटिबायोटिक त्यांनाही मारू शकतं.

दुसरी गोष्ट, जंतूंची जात. ‘प्रोबायोटिक’ हे एका औषधाचं नाव नाही. ‘धान्य’ म्हटल्यावर गहू की कोद्रा ते कळत नाही, तसंच हे. एका जातीचा गुण दुसरीच्या पाकिटावर लिहिता येत नाही. आपल्या या जंतूबद्दल म्हणाल, तर वारंवार पोट बिघडणाऱ्या, म्हणजे आयबीएसच्या काही रुग्णांना आराम पडल्याचे अभ्यास आहेत. २०१६ मध्ये भारतातच असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३६ रुग्ण होते, ९० दिवस रोज २०० कोटी बीजाणू दिले, आणि जुलाब व पोटदुखी कमी झाली. पण रुग्ण थोडे, आणि संशोधक उत्पादक कंपनीचेच. त्यामुळे मी म्हणेन, आशा आहे, खात्री नाही.

तिसरी मर्यादा, हा जंतू पाहुणा आहे. आतड्यात तो घर करत नाही. गोळी बंद केली की थोड्या दिवसांत शौचावाटे निघून जातो. ‘एक कोर्स केला, पोट कायमचं सुधारलं’ असं होत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी आज बोलायला तयार झालो.

हिवाळ्यात आमच्याकडे मटाराची तोडणी चालते. पहाटेपासून बायका शेतात असतात, लहान मुलं आजीकडे. रोटाव्हायरसचे जुलाबही याच थंडीच्या दिवसांत जास्त. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक आजी दुकानात आल्या. “भैया, नाती को दस्त लग रहे हैं, कोई अच्छी सी दवा दे दो.” नातू दीड वर्षाचा. गर्दी होती. मी ही गोळी दिली, कशी द्यायची ते सांगितलं, पैसे घेतले. बाळ पाणी पितंय का, लघवी होतेय का, काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की बाळाला जबलपूरला दाखल केलंय, सलाइन चालू आहे. पाणी पाजलं की पुन्हा जुलाब होतो म्हणून घरात पाणीच कमी केलं होतं. बाळ वाचलं. नंतर आजी भेटल्या, तेव्हा मला दोष देतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, “आपकी गोली तो हमने बराबर दी थी.” तो शब्द मला दोषापेक्षा जास्त लागला. मी त्यांना औषध दिलं म्हणून त्या निर्धास्त राहिल्या होत्या.

त्यानंतर मी वाचायला लागलो. कोलकात्यात लहान मुलांच्या तीव्र जुलाबांवर हीच गोळी, हाच जंतू घेऊन चाचणी झाली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. काहीही फायदा दिसला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एका वेगळ्या आणि जास्त नावाजलेल्या जंतूची चाचणी ९७१ मुलांवर झाली, कॅनडात आणखी एका जोडीची ८८६ मुलांवर. दोन्हीकडे खोटी पूड घेतलेली मुलं आणि खरी घेतलेली मुलं सारख्याच वेगाने बरी झाली.

याचं कारण साधं आहे. जुलाबात मूल दगावतं ते पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जंतू पाणी भरून काढत नाही. ते काम जलसंजीवनीचं. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र असलं की आतडं पाणी आत ओढून घेतं, जुलाब चालू असतानाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपात भरून लोकांना प्यायला दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज त्याची पुडी काही रुपयांत मिळते आणि सरकारी दवाखान्यात फुकट.

आता माझ्या दुकानात जुलाबासाठी कुणी आलं की आधी जलसंजीवनीची पुडी. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच. ग्लासभर पाण्यात थोडी टाकून अंदाजाने नाही. थोडं थोडं, चमच्याने, प्रत्येक जुलाबानंतर. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. त्याबरोबर झिंक १४ दिवस : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापेक्षा मोठ्याला २०. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, लघवी थांबली, मूल सुस्त पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर दुकानात यायचंच नाही, थेट डॉक्टरकडे जायचं. आणि रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे, ती चुकवू नका.

एक सावधगिरी. धडधाकट माणसाला या गोळीने सहसा अपाय होत नाही. पण अपुऱ्या दिवसांचं बाळ, केमोथेरपी घेणारा रुग्ण, प्रतिकारशक्ती फार कमी असलेला माणूस, यांच्या रक्तात जिवंत जंतू शिरू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत असा इशाराच दिला. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग दही? जरूर खा. त्यातले जंतू घरोघरी, विरजणाप्रमाणे वेगळे असतात, म्हणून त्याला औषध म्हणू नका. चांगलं अन्न म्हणा, तेवढं पुरे आहे.

मी ही गोळी विकणं बंद केलं का? नाही. डॉक्टरांनी लिहिली की देतो, अँटिबायोटिकपासून दोन तास अंतर ठेवायला सांगतो. फक्त ती आता गल्ल्याजवळच्या बरणीत नाही. तिथं जलसंजीवनीच्या पुड्या ठेवल्यात. पुडीत मला फारसं काही सुटत नाही, गोळीत सुटतं. पण त्या आजी अजून माझ्याच दुकानात येतात, आणि आता त्या आधी पुडी मागतात.