आपली कादंबरी आपणच छापताना

(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेने आज आम्हा उभयतांना बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही म्हणजे आम्ही पती-पत्नी. कादंबरी एकाने लिहिली, शुद्धप्रत दुसऱ्याने केली आणि कर्ज दोघांनी मिळून फेडले. म्हणून बोलतानाही आम्ही 'आम्ही' असेच म्हणणार आहोत.

आपल्या वस्तीतील एका विद्यार्थिनीने चिटणीसांकडे एक चिठ्ठी दिली आहे. तिच्याजवळ अद्भुतरम्य कादंबरीच्या तीन वह्या लिहून तयार आहेत. प्रकाशक दाद देत नाहीत. "मी ती स्वतः छापू का?" असा तिचा प्रश्न आहे. घरचे म्हणतात, राक्षस आणि उडत्या घोड्यांवर पैसे घालवू नकोस. आजचे आमचे भाषण म्हणजे या चिठ्ठीचे उत्तर समजावे.

स्वतः छापणे हे कमीपणाचे नाही, हे प्रथम सांगतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली आपले अधिवेशन रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यासाठी तयार केलेले अध्यक्षीय भाषण स्वखर्चाने छापले होते. त्याच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. विषय वेगळा, योग्यता तर फारच वेगळी. परंतु दुसऱ्याने दार लावले म्हणून शब्द थांबत नाहीत, एवढे आपण त्यातून घ्यावे.

आता अद्भुत कादंबरीकडे वळू. अमेरिकेतील मोंटाना राज्यात क्रिस्टोफर पाओलिनी नावाचा मुलगा घरीच शिकला. पंधराव्या वर्षी त्याने 'एरागॉन' ही कादंबरी लिहायला घेतली. एका शेतकरी मुलाला ड्रॅगनचे अंडे सापडते, अशी ती कथा आहे. पहिला खर्डा व्हायला एक वर्ष गेले. तो त्याला स्वतःलाच आवडला नाही, म्हणून दुसरे वर्ष दुरुस्तीत गेले. तिसरे वर्ष छपाईच्या तयारीत गेले आणि त्यात आई-वडीलही राबले. त्यांचा छोटासा घरगुती प्रकाशन व्यवसाय होता. कथेतील प्रदेशाचा नकाशा मुलाने स्वतः काढला, मुखपृष्ठाचे चित्रही त्यानेच काढले. २००२ साली पुस्तक निघाले. मग जुन्या काळचा पोशाख चढवून तो शाळा, ग्रंथालये आणि पुस्तकांची दुकाने हिंडला. त्याचे एकशे पस्तीसहून अधिक कार्यक्रम झाले. अशातच कार्ल हायसेन या लेखकाच्या सावत्र मुलाच्या हाती ते पुस्तक पडले, त्याला ते आवडले, आणि हायसेन यांनी आपल्या प्रकाशकांना कळवले. २००३ साली नॉफ या मोठ्या संस्थेने पुन्हा संपादन करून ते जगापुढे आणले.

लोक यातला शेवट तेवढा सांगतात. आम्हीही एकेकाळी तेवढाच ऐकला होता, आणि तिथेच फसलो.

पतपेढीतून चाळीस हजारांचे कर्ज काढून आम्ही एका गृहस्थाच्या हाती दिले. पुस्तक छापू, राज्यभर दुकानांत ठेवू, असे त्यांनी सांगितले होते. तीनशे प्रती एका टेम्पोतून घरी आल्या आणि त्यानंतर त्या गृहस्थांचा फोन लागेनासा झाला. गठ्ठे पलंगाखाली गेले. त्या वर्षी मुलीच्या क्लासची फी दोनदा उशिरा भरली गेली. तिने तोंडाने काही म्हटले नाही. पण पलंगाखाली झाडू मारताना ती गठ्ठ्यांकडे जशी बघे, ते आमच्या लक्षात राहिले आहे.

शेवटी आम्ही पिशवीत दहा-दहा प्रती घालून शाळांत आणि वाचनालयांत जाऊ लागलो. एका शाळेत आठवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तिसऱ्या प्रकरणात नदी पश्चिमेला वाहते आणि नवव्यात पूर्वेला. ती जादूची आहे का?" सारा वर्ग हसला. नदी जादूची नव्हती, चूक आमची होती. आमच्याकडे नकाशा नव्हता आणि छपाईपूर्वी कोणा तिऱ्हाइताने हस्तलिखित वाचलेही नव्हते. अद्भुत कथेत काहीही चालते असे आम्ही समजत होतो. उलट तिथे अधिक काटेकोर राहावे लागते, कारण ते जग खरे मानायला वाचकाजवळ आपल्या शब्दाशिवाय दुसरा आधार नसतो.

तेव्हा आम्हाला उमगले की, आपण पैसे भरून प्रकाशकाचे नाव विकत घेतले होते. प्रकाशकाचे काम मात्र कोणीच केले नव्हते. पाओलिनीच्या घराने ते काम केले. मुंबईचे अमीश त्रिपाठी यांनाही 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' या कादंबरीसाठी प्रकाशकांचे अनेक नकार पचवावे लागले. २०१० साली ती आली, तेव्हा पहिले प्रकरण वेगळे छापून दुकानांतून मोफत वाटण्यात आले होते. वाचकाला आधी चव द्यावी, मग किंमत सांगावी.

विद्यार्थ्यांनी काही व्यवहाराच्या गोष्टी टिपून घ्याव्यात. लेखन पूर्ण होताच कायद्याने स्वामित्वहक्क लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. करारावर सही करताना तो हक्क कायमचा देऊन टाकू नका. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो; त्याचे पैसे कोणी मागितले तर सावध व्हा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची असते. छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा धरतात. २४० पानांचे पुस्तक म्हणजे पंधरा फर्मे. पाने त्या हिशेबात बसवली तर कागद वाया जात नाही. आणि आता मागणीप्रमाणे थोड्या प्रतीही छापून मिळतात. आमच्यासारखे एकदम तीनशेचे गठ्ठे आणण्याचे कारण उरलेले नाही.

आमच्या तीनशे प्रती संपायला अडीच वर्षे लागली. कर्ज फिटले, नफा झाला नाही. दुसऱ्या आवृत्तीत नदी एकाच दिशेने वाहते, आणि तिचा नकाशा आमच्या मुलीने काढला आहे.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आमचे सांगणे असे: पोरी, छाप, पण आज नको. आधी रविवारी संस्थेच्या वाचनालयात मुलांना एकेक प्रकरण वाचून दाखव. मुले कुठे चुळबुळ करतात, कुठे गप्प बसतात, ते वहीच्या समासात लिहून ठेव. मग वह्या पुन्हा लिही. कर्ज काढू नकोस. आणि तिच्या आई-वडिलांना हात जोडून विनंती आहे की, राक्षसांवर विश्वास ठेवू नका, पण रात्री जागून तीन वह्या भरणाऱ्या मुलीवर ठेवा. तिला पैशाआधी घराची साथ हवी आहे.

छापण्यापूर्वीचे पहिले प्रूफ आम्ही उभयता वाचून देऊ. नदी कुठल्या दिशेने वाहते, हे आता आम्हाला चांगले तपासता येते.